अर्चनाचे दात

१८ ऑगस्ट २०२५, पांढुर्णा

सकाळी सहाला श्रावणभाऊजींचा फोन आला, की अर्चनाला साप चावला, तुम्ही लवकर या. मी चहाचं आधण उतरवलं, पिशवीत दोन साड्या, चष्मा आणि ही वही टाकली आणि सौंसरच्या स्टँडवर जाऊन पहिली बस धरली. अर्चना माझी धाकटी जाऊ. चार वर्षांपासून आमचं धड बोलणं नाही. पण तिची मुलगी दीपाली बैतूलला बाळंतपणाला टेकलेली, घरात दुसरं बाईमाणूस नाही. मग मीच.

झालं ते असं. तिगावला शेतातल्या घरी ती उकाड्यानं खाली फरशीवर निजली होती. पहाटे पोट दुखतं म्हणून उठली. थोड्या वेळानं पापण्या वर होईनात, जीभ जड झाली. भाऊजींनी अंथरूण झटकलं तर मण्यार निघाला. आमचे चुलत सासरे रामाजीकाका म्हणाले, आधी कडुनिंबाचा पाला चावायला द्या, कडू लागला तर विष चढलेलं नाही. भाऊजींनी पहिल्यांदाच त्यांचं ऐकलं नाही. तिला मोटारसायकलवर स्वतःच्या आणि शेजाऱ्याच्या मध्ये बसवून इथल्या दवाखान्यात आणलं. इंजेक्शनं सुरू झाली आणि तासाभरात तिचा श्वास थांबला. आता तोंडातून घशात नळी आहे आणि नळीला मशीन.

तो आवाज ऐकून दारातच थांबले. असंच मशीन ह्यांना नागपूरला अकरा दिवस लावलं होतं, कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी. तेव्हा आत कुणाला सोडत नव्हते. मला सगळं फोनवर कळायचं. शेवटी म्हणाले, दुसरा न्यूमोनिया झाला. दुसरा कुठून आला हे विचारायचं तेव्हा सुचलं नाही.

भाऊजींच्या मित्राच्या घरी निजायची सोय झाली आहे. मी पलंग मागून घेतला.

१९ ऑगस्ट

अतिदक्षता विभाग म्हणजे चार पलंगांची एक लांबोळी खोली. डॉक्टर उर्वशी मॅडम छिंदवाड्याच्या, दिसायला कॉलेजात जाणाऱ्या मुलीसारख्या. म्हणाल्या, सापाचं विष आठ-दहा दिवसांत आपोआप उतरेल, फुप्फुसं चांगली आहेत. तोवर मशीन तिच्यासाठी श्वास घेईल. भीती एकच, मशीनवर असताना होणारा न्यूमोनिया. तो झाला नाही तर ही बाई चालत घरी जाईल.

मी विचारलं, खोली बंद, गार हवा, न्यूमोनिया येणार कुठून? मॅडमनी अर्चनाच्या तोंडाकडे बोट दाखवलं. म्हणाल्या, इथून.

पुढे त्यांनी सांगितलं की घरचं एकच माणूस आत येईल, रोज तेच येईल, आणि जे शिकवलं ते शिकेल. भाऊजी मागे सरकले. मी चौथी शिकलेली. पण किराण्याची पुडी बांधून आलेला कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नाही. मी हो म्हणाले.

चंचल सिस्टरनं शिकवलं. आत पाय टाकायच्या आधी साबणानं हात धुवायचे, बोटांच्या फटींतून, नखांखालून, अंगठा वेगळा. बांगड्या काढायच्या. माझ्या हातात नाहीतच. पलंगाची डोक्याकडची बाजू उंच ठेवायची. त्यासाठी भिंतीवर निळी पट्टी चिकटवली आहे, उशी तिच्या खाली जाता कामा नये. आणि सकाळ-संध्याकाळ दात घासायचे, लहान मुलांच्या मऊ ब्रशनं. दात, हिरड्या, जीभ. मी घासते, सिस्टर बाजूला उभ्या राहून बारीक नळीनं लाळ ओढून घेतात.

या तोंडानं मला काय काय ऐकवलं आहे, आणि आज मी ते घासून चकचकीत केलं. खालचा डावा एक दात किडलेला आहे. हे तिनं कधी कुणाला कळू दिलं नव्हतं.

२० ऑगस्ट

मॅडमनी मोबाइलवर चित्र काढून दाखवलं. नळीभोवती घशात एक छोटा फुगा असतो. लाळ त्या फुग्यावर साचते. लाळेत तोंडातले जंतू असतात. ते दोन दिवसांत वाढून वेगळेच होतात, दवाखान्यातले दांडगे जंतूही त्यांच्यात येऊन बसतात. मग फुग्याच्या कडेनं थेंब थेंब खाली फुप्फुसात उतरतात. आपल्याला ठसका येतो. हिला येत नाही, कारण विषानं सगळे स्नायू निजवले आहेत.

मला ते लगेच समजलं. संत्र्याच्या झाडाला आपण दोन आळी करतो, आतल्या आळ्यात पाणी सोडत नाही. खोडाला पाणी साचून राहिलं की साल कुजते, डिंक गळायला लागतो. पाणी झाडाला पाहिजे, खोडाला नको. मी हे मॅडमना सांगितलं. त्यांना गंमत वाटली. उद्यापासून सगळ्या नातेवाइकांना असंच सांगते म्हणाल्या.

सिस्टर म्हणतात, मावशी, तिच्याशी बोलत राहा. पेशंटच्या माणसांना बरं वाटावं म्हणून म्हणत असतील. दगडाशी बोलल्यासारखं वाटतं, पण बोलते. आज भाऊजी काचेच्या दाराशी आले आणि तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, घरी सगळं झकास सुरू आहे. मग तिथेच मला सांगून राहिले की म्हैस त्यांना हात लावू देत नाही, आज दूध निघालंच नाही, आणि भात करायला गेले तर भातासकट गंज तळापासून जळाला. नेमका तेव्हा मशीनवरचा नाडीचा आकडा ८४ वरून ११६ वर गेला. मी सिस्टरला हाक मारली. त्यांनी वायर हलवून पाहिली, मग भाऊजींकडे पाहून हसल्या. हसण्यासारखं काय होतं ते कळलं नाही. मशीन नवं दिसतं पण वायर सैल असावी.

२२ ऑगस्ट

आज पोळा. बाहेर बैल सजले असतील, आम्ही आत. पोळ्याचा दिवस म्हणून मॅडमनी रामाजीकाकांना पाच मिनिटं आत सोडलं. मी तेवढ्यात खाली चहा घेऊन आले.

संध्याकाळी ब्रश घेऊन तोंड उघडलं तर साजूक तुपाचा वास आला. ओठ चमकत होते, जिभेवर पिवळा थर. सिस्टरनं लगेच नळी लावून सगळं ओढून काढलं आणि मॅडमना फोन केला. मी जिना उतरून खाली गेले. काका बाकावर बसले होते, कोपरीच्या खिशात औषधाची रिकामी बाटली. मी विचारलं, किती घातलं.

"दोनच चमचे," ते म्हणाले. "माह्या बापाले नागानं चावलं तवा तुपानंच वाचवलं होतं. तुमचे डाक्टर तवा कुठी होते?"

मी सासऱ्यांच्या जागी असलेल्या माणसाशी कधी बोलले नव्हते तसं बोलले. तिला गिळता येत नाही, तुम्ही घातलेलं ती गिळणार कशी, ते जाईल कुठं, असं सगळं. बाकावरची चार माणसं ऐकत होती. काकांच्या मिशीलाही तूप लागलं होतं. बहुतेक आधी चाखून पाहिलं असावं.

२३ ऑगस्ट

आज गोटमार, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीवर होणारी दोन गावांची दगडफेक. सकाळपासून खाली डोकी फुटलेली माणसं येऊन राहिली आहेत. सगळा स्टाफ टाके घालायला खाली. चंचल सिस्टर अधूनमधून धावत वर येतात, चारी पलंगांवर नजर टाकतात आणि पळतात. मी एकटी बसून होते.

सहा दिवस झाले, अर्चनाचे केस मोकळे, उशीवर पसरलेले. निजलेल्या बाईचे केस असे मोकळे आपल्याकडे कधी असतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. मला ते रोज खुपत होतं. आज हातात काम नव्हतं, तेलाची बाटली पिशवीत होती. पायथ्याचा दांडा फिरवून पलंग सरळ केला, म्हणजे मानेखाली हात जाईल. नळीला धक्का लागणार नाही अशी काळजी घेतली. गुंते इतके, की एक एक बट धरून सोडवावी लागली. दोन घट्ट वेण्या घातल्या. तिचं नुकतंच नाकातल्या नळीतून पातळ जेवण झालेलं, पोट भरलेलं, तेल लागलेलं. चेहरा असा शांत दिसला की तशीच निजू दिली.

वेणी घालताना मी तिला एक जुनी गोष्ट बोलले. हे गेल्यानंतरच्या पहिल्या महालक्ष्म्यांना तिनं मला शेवटच्या पंगतीत बसवलं होतं. सवाष्णी आधी, मी मागून. मी म्हटलं, "ते जेवण माह्या घशाखाली उतरलं नाही वं अर्चना." आकडा पुन्हा चढला, ११८. ही वायर बदला म्हणून सांगायला पाहिजे.

सिस्टर पाचला आल्या, वेण्या पाहून गोड हसल्या, पलंग वर केला आणि परत खाली पळाल्या. दिवस बरा गेला.

२४ ऑगस्ट

पहाटेपासून ताप. १०२. नळीतून ओढलेला कफ काल पांढरा होता, आज पिवळा आणि घट्ट.

२५ ऑगस्ट

एक्स-रेमध्ये उजवीकडे खाली डाग आला. मॅडमनी कफ तपासायला पाठवला आणि औषध सुरू केलं. दोन दिवस वाट पाहू म्हणाल्या, नाही उतरलं तर नागपूरला न्यावं लागेल.

नागपूर म्हटल्यावर मला ते अकरा दिवस आठवले. भाऊजी नुसते हात धुऊन राहिले आहेत, आत जायचं नसतानाही.

दुपारी ओळीनं सगळ्यांना सांगितलं, हे तुपानं झालं. भाऊजींना सांगितलं, तिगावहून आलेल्या दोन पाहुण्यांना सांगितलं, दीपालीला फोनवर सांगितलं. काका जिन्यात बसून ऐकत होते. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. भाऊजी त्यांच्याशी न बोलता दोनदा त्यांच्यासमोरून गेले. संध्याकाळी काका न जेवता बसनं तिगावला निघून गेले.

मॅडमनी विचारलं, तूप नक्की कोणत्या दिवशी घातलं होतं, केसपेपरवर लिहायचं आहे. मी म्हटलं, वहीत पाहून सांगते. पाहिलं. बावीस तारीख. पान उलटलं, पुढची तारीख वाचली. मग ती परत वाचली. मग वही मिटली.

मॅडमना बावीस एवढंच सांगितलं.

२६ ऑगस्ट

कालचं शेवटचं वाक्य मी खोडणार होते. राहू दे.

सकाळी दात घासून झाल्यावर मॅडमना म्हटलं, थोडं बोलायचं आहे. वहीतलं पान त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी पूर्ण वाचलं. किती वेळ सरळ होती, विचारलं. साडेतीनपासून पाचपर्यंत, वर थोडा वेळ असेल. पोट भरलेलं होतं? होतं. त्यांनी वही मिटून परत दिली. मी म्हटलं, बोला ना, बोलून टाका.

त्या म्हणाल्या, तुपानं झालं असेल, पलंगानं झालं असेल, दोन्ही नसतं केलं तरी झालं असतं. सहा दिवस नळी घशात असली की जंतू वाट काढतातच, आपण फक्त ती अवघड करतो. आणि त्या दिवशी चार पलंगांमागे एक नर्स होती, ती चूक तुमची नाही. हे सगळं त्या तक्ता वाचल्यासारखं बोलल्या. मला शिक्षा पाहिजे होती, ती काही मिळाली नाही. जाताना म्हणाल्या, "काकू, उद्यापासून पण तुम्हीच यायचं. दुसऱ्या माणसाला शिकवायला माझ्याकडे वेळ नाही."

मग अर्चनाजवळ गेले. पलंग निळ्या पट्टीच्या वर आहे ना, ते आधी पाहिलं. तिला सांगितलं, की बाई, हे मी केलं, तुझे केस मला पाहवले नाहीत म्हणून केलं. आकड्याकडे पाहिलं. ८२. जागचा हलला नाही. तिला ऐकू येत नाही तेच बरं.

मग तिगावची बस धरली. रामाजीकाका गोठ्यात होते, अर्चनाची म्हैस पिळत होते. तिला ते चालतात. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी धार थांबवली नाही. बादली भरत आल्यावर म्हणाले, "म्हंजे तूप बी अन् वेणी बी."

"व्हय काका."

"मंग श्रावणले सांगू नोको. त्याले एकावरच राग धरू दे. मी म्हातारा आहो, मले चालते."

मी म्हटलं, नाही, मी सांगणार. पांढुर्ण्याला परतल्यावर सांगितलंही. भाऊजींनी ऐकून घेतलं, मग विचारलं, काका जेवले का.

२८ ऑगस्ट

ताप ९९. तपासणीचा कागद आला. जंतूचं नाव एवढं लांब की मी तीनदा वाचलं, पण त्याला साधं औषध लागू पडतं असं मॅडम म्हणाल्या. नागपूर टळलं.

आणि आज सकाळी ब्रश तिच्या दातांत अडकला. मी ओढला, सुटेना. मला वाटलं, किडलेल्या दातात ब्रशचे केस गुंतले. मग लक्षात आलं, तिनं धरून ठेवला आहे. मी सिस्टर, सिस्टर करून अशी ओरडले की शेजारच्या पलंगाचे नातेवाईक दार उघडून आत आले, तेही हात न धुता. चंचल सिस्टरनं आधी त्यांना हाकललं, मग अर्चनाला म्हणाल्या, सोडा आता, आमचा एकच ब्रश आहे. तिनं सोडला.

३० ऑगस्ट

काल एक तास, आज चार तास मशीन कमी करून पाहिलं. श्वास तिचा तिनं घेतला. पापण्या अर्ध्या वर आल्या. दुपारी नळी काढली. ती खोकली. इतका घाणेरडा, ओला, लांबलचक खोकला, आणि आम्ही सगळे दाराच्या काचेला नाक लावून तो ऐकत होतो. भाऊजी म्हणाले, अजून एकदा खोकल वं.

बोलायला मनाई आहे. घसा सुजलेला आहे.

१ सप्टेंबर

आज बाहेरच्या खोलीत हलवलं आणि बोलायची परवानगी मिळाली. आवाज घोगरा, पण बोलणं अर्चनाचंच. भाऊजी समोर दिसताच पहिलं विचारलं, म्हैस दूध द्यायला लागली का, आणि जळालेला गंज घासला की तसाच आहे. भाऊजी माझ्याकडे पाहायला लागले. मी सांगितलं नव्हतं. तिनं त्यांना चहा आणायला पिटाळलं. ते गेल्यावर मला जवळ बसवलं.

"मागच्या पंगतीत पुरनाच्या पोया गरम भेटते," ती म्हणाली. "समोरच्यांले सकाळच्या थंड्या. म्हनून बसवलं होतं तुमाले."

हे खरं आहे की पलंगावर पडल्या पडल्या सुचलेलं आहे, मला सांगता येत नाही. पण मी अडकले ते दुसऱ्याच गोष्टीवर. मी विचारलं, "म्हंजे तुले ऐकू येत होतं?"

"सारंच. पापनी उचलत नव्हती, बोट हालत नव्हतं. पर ऐकू येत होतं. तुमी वायर बदला म्हनत होत्या, तं मले वाटे उठून एक ठेवून द्यावी." मग माझा चेहरा पाहून म्हणाली, "वेणीचंही ऐकलं. राहू द्या ते. डोकं खाजत होतं लई, मले बरं वाटलं."

म्हणजे त्या दिवशी ८२ होता तो त्यासाठी. मी वायरची माफी मागायला पाहिजे.

खिडकीतून बाजारातला भोंगा ऐकू येत होता. ती डोळे मिटून पडली होती, पण जागी होती, ते आता मला ओळखू येतं. मग मी विचारलं, जे विचारायचं ठरवलं नव्हतं ते. नळी असताना तहान लागत होती का.

तिनं डोळे उघडले.

"मले लागे," ती म्हणाली. "ब्रश ओला असे तेवढंच. पर मले झोपेचं औषध नव्हतं. त्याइले देत होते. मोठ्या दवाखान्यात देतेतच. त्याइले काईच कळलं नसन, जाऊबाई. ना तहान, ना काई."

अर्चनाला औषधातलं ओ की ठो कळत नाही. नागपूरच्या त्या दवाखान्याच्या दारापर्यंतसुद्धा ती कधी गेली नव्हती. आणि मी ह्यांचं नाव काढलंच नव्हतं.

मी म्हटलं, "असंच असन."

मग तिच्यासाठी पेज आणायला उठले. दारातून बाहेर पडल्यावर जिन्यात थोडी थांबले आणि मग खाली गेले.